गणित हा मुख्य विषय घेताना

बारावीचा निकाल जाहीर झाला की पूर्व नागपुरातील नंदनवन परिसरात पालकांची वर्दळ वाढते. ग्रेट नाग रोडला लागून १९८४ साली सुरू झालेले कर्मवीर दादासाहेब कन्नमवार अभियांत्रिकी महाविद्यालय येथे आहे. आसपासच्या वस्तीत शिकवणी वर्गांचे फलक दाटीने लागलेले आहेत. उमरेड, कुही, भिवापूर या तालुक्यांतून शिक्षणासाठी नागपुरास येणारे अनेक विद्यार्थी शहराच्या याच बाजूस खोली घेऊन राहतात. फलकांवर मात्र प्रायः दोनच शब्द दिसतात : अभियांत्रिकी आणि वैद्यकीय. ज्या मुलाला किंवा मुलीला केवळ गणिताची ओढ आहे आणि तोच विषय पुढे शिकावा असे वाटते, त्या विद्यार्थ्यासाठी फलक नसतो.

असा विद्यार्थी गावी परतून सल्ला विचारतो तो शाळेतील गुरुजींना, ग्रामसेवकाला, सरपंचांना किंवा नात्यातील एखाद्या शासकीय कर्मचाऱ्याला. त्याला मिळणारी उत्तरे ठराविक असतात. “अभियांत्रिकीला प्रवेश मिळाला नाही वाटतं?” हे एक, आणि “म्हणजे शेवटी मास्तरकीच ना?” हे दुसरे. पहिल्या उत्तरात गणित ही हुकलेल्या संधीची भरपाई ठरते आणि दुसऱ्यात शिक्षकाचा व्यवसाय कमी प्रतीचा ठरतो. दोहोंपैकी एकाही उत्तरात पदवीच्या वर्गात गणित म्हणून नेमके काय शिकवले जाते, याचा पत्ता नसतो. सल्ला देणाऱ्याला तो असावा, एवढ्याच हेतूने पुढील माहिती दिली आहे.

मुख्य विषय ही नवी व्यवस्था

नागपूर विद्यापीठाची स्थापना १९२३ साली झाली. २००५ पासून त्यास राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचे नाव आहे. या विद्यापीठाच्या विज्ञान पदवीत दीर्घकाळ तीन विषय सारख्याच वजनाचे असत. गणिताबरोबर भौतिकशास्त्र व रसायनशास्त्र, अथवा संख्याशास्त्र, अथवा संगणकशास्त्र असे गट असत आणि विद्यार्थी तिन्ही विषय शेवटच्या वर्षापर्यंत नेत असे. काटेकोरपणे बोलायचे तर ‘गणिताचा पदवीधर’ हा एक तृतीयांशच गणिताचा असे. पूर्ण वेळ गणित करण्याची पाळी पदव्युत्तर वर्गात येई.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार ही मांडणी बदलली आहे. राज्यातील संलग्न महाविद्यालयांत २०२४–२५ या शैक्षणिक वर्षापासून मुख्य विषय आणि दुय्यम विषय अशी विभागणी आली. अभ्यासाची मोजणी आता श्रेयांकांत होते. पहिल्या वर्षाअखेर ४० ते ४४ श्रेयांक मिळवून थांबणाऱ्यास प्रमाणपत्र, दुसऱ्या वर्षाअखेर ८० ते ८८ श्रेयांकांवर पदविका, तिसऱ्या वर्षाअखेर १२० ते १३२ श्रेयांकांवर पदवी, आणि चौथे वर्ष पूर्ण करून १६० ते १७६ श्रेयांक मिळवणाऱ्यास सन्मान पदवी, असा क्रम शासनाने ठरवून दिला आहे. कोणत्या महाविद्यालयात कोणत्या दुय्यम विषयांची सोय आहे हे त्या त्या माहितीपत्रकातच पाहावे लागते. या बाबतीत ऐकीव माहितीवर विसंबू नये.

तपशील बाजूला ठेवला तरी एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. पूर्वी गणित जड गेले तर उरलेले दोन विषय विद्यार्थ्यास सावरून नेत. आता वजन एका विषयावर आले आहे. निवड चुकली तर ती लवकर जाणवते. निवड योग्य असेल तर तिचे फळही लवकर हाती येते. म्हणूनच हा विषय आतून कसा आहे हे प्रवेश अर्ज भरण्यापूर्वी कळणे पूर्वीपेक्षा अधिक अगत्याचे झाले आहे.

हिशेब संपतो तेथे

शाळेतील गणित हे बहुतांशी उत्तर काढण्याचे गणित असते. पद्धत दिलेली असते. ती अचूक व वेगाने वापरणाऱ्यास शंभरपैकी पंचाण्णव गुण पडतात. पदवीच्या पहिल्याच सत्रात प्रश्नाचे रूप पालटते. ‘उत्तर काढा’ या जागी ‘सिद्ध करा’ हे शब्द येतात. बारावीत अव्वल आलेली मुले याच ठिकाणी अडखळतात आणि आपली बुद्धीच खुंटली असा समज करून घेतात. वास्तविक बुद्धी तीच असते, काम मात्र वेगळे आलेले असते.

हा फरक एका उदाहरणाने स्पष्ट होईल. ऑयलर या स्विस गणितज्ञाच्या नावाने ओळखले जाणारे एक साधे सूत्र आहे. कोणतीही संख्या घ्यावी, तिच्या वर्गात तीच संख्या मिळवावी व बेरजेत ४१ मिळवावे. शून्य घेतल्यास ४१ येते, १ घेतल्यास ४३, २ घेतल्यास ४७, ३ घेतल्यास ५३, ४ घेतल्यास ६१. या सर्व मूळ संख्या आहेत, म्हणजे एक व ती संख्या स्वतः यांखेरीज त्यांना विभाजक नाही. दहा वेळा करून पाहिले तरी मूळ संख्याच येते. वीस वेळा, तीस वेळा केले तरी तेच. शून्यापासून ३९ पर्यंत चाळीसही वेळा सूत्र खरे ठरते. कोणत्याही कचेरीत एवढी चाचणी तपासणी झाली तर लेखापरीक्षक समाधानाने सही करील. परंतु ४० घेताच १६८१ येते, आणि १६८१ म्हणजे ४१ गुणिले ४१. सूत्र कोसळते.

नमुना तपासणीवर कारभार चालू शकतो, कारण तेथे थोडी चूक गृहीत धरलेली असते. गणितात ती सोय नाही. चाळीस दाखले जमले म्हणून एक्केचाळिसावा जमेल असे येथे म्हणता येत नाही, आणि संख्या तर अनंत आहेत. सगळ्यांना एकाच वेळी लागू पडेल असे कारण शोधणे हाच एक मार्ग उरतो. त्या कारणाच्या निर्दोष मांडणीस सिद्धता म्हणतात, आणि पदवीची तीन-चार वर्षे मुख्यतः ती शोधण्यात व लिहिण्यात जातात.

दुसरी अडचण सूक्ष्मतेची. कलनशास्त्रातील ‘सीमा’ ही कल्पना बारावीत सूत्रांच्या आधारे निभावून जाते. पदवीच्या वर्गात तिची काटेकोर व्याख्या समोर येते आणि निम्मा वर्ग गोंधळतो. जमिनीच्या मोजणीशी परिचय असलेल्या वाचकांस मात्र तीतील विचार अपरिचित वाटू नये. शंभर मीटर बाजूचा चौरस तुकडा म्हणजे एक हेक्टर, अर्थात दहा हजार चौरस मीटर. समजा, क्षेत्रफळात एक चौरस मीटरपेक्षा अधिक चूक चालणार नाही असे खातेदाराने बजावले. मग बाजू किती अचूक मोजावी? हिशेब केल्यास असे दिसते की बाजूच्या मापात अर्ध्या सेंटिमीटरहून किंचित कमी चूक राहिली पाहिजे. खातेदार अधिक हट्टी निघाला आणि एक दशांश चौरस मीटरच चूक चालेल म्हणाला, तर बाजूची चूक अर्ध्या मिलिमीटरच्या आत ठेवावी लागेल. खातेदाराने मागणी कितीही कडक केली तरी मोजणीदाराजवळ तिला पुरे पडेल असे उत्तर नेहमीच तयार असते, हे दाखवून देणे म्हणजेच त्या व्याख्येची अट पूर्ण करणे होय. मागणी आधी येते आणि उत्तर तिच्यानंतर. हा क्रम उलटवला तर सारा अर्थ बिघडतो.

क्रम उलटवल्याने अर्थ कसा बिघडतो हे गावच्याच भाषेत सांगता येते. ‘प्रत्येक गावाला एक विहीर आहे’ आणि ‘एक विहीर अशी आहे की ती प्रत्येक गावाची आहे’ या दोन वाक्यांत शब्द जवळजवळ तेच आहेत. पहिले वाक्य पाणीपुरवठ्याची समाधानकारक स्थिती सांगते. दुसऱ्या वाक्याप्रमाणे साऱ्या तालुक्याने एकाच काठावर घागरी घेऊन जमायचे असते. पदवीच्या गणितात ‘प्रत्येकासाठी’ आणि ‘असा एक तरी’ हे शब्द पानोपानी येतात, आणि त्यांच्या जागा चुकल्याने गेलेले गुण आकडेमोड चुकल्याने गेलेल्या गुणांपेक्षा पुष्कळ अधिक भरतील. ज्या मुलाचे मराठी वाक्य नीट, त्याची सिद्धता नीट होण्याचा संभव अधिक. गणिताच्या विद्यार्थ्याला भाषेच्या शिक्षकाचा उपयोग नाही हा समज या दृष्टीने तपासून पाहण्याजोगा आहे. मराठी माध्यमातून दहावीपर्यंत आलेल्या विद्यार्थ्यास पदवीची पुस्तके इंग्रजीत वाचावी लागतात. त्याने अशी वाक्ये आधी मराठीत करून पाहिली तर निम्मी भीती तेथेच ओसरते.

पुढील वर्षांतील विषयांची नावे येथे थोडक्यात पुरेत : वास्तव संख्यांचे विश्लेषण, रेषीय बीजगणित, गट व वलय यांचे अमूर्त बीजगणित, विकलक समीकरणे, संमिश्र संख्यांचे विश्लेषण, संख्याशास्त्र व संगणकीय पद्धतींचा परिचय. यांपैकी विकलक समीकरणे अभियंत्यासही शिकावी लागतात, परंतु त्याचा रोख ती सोडवण्याकडे असतो. गणिताचा विद्यार्थी त्याआधी थांबून विचारतो : या समीकरणाला उत्तर असतेच कशावरून, आणि असल्यास ते एकच आहे कशावरून?

नागपूरचा धागा

नागपूर व गणिताध्ययन यांचा संबंध विद्यापीठाहून जुना आहे. एकोणिसाव्या शतकातील नामवंत गणिती बापूदेव शास्त्री (जन्म १८२१) यांचे आरंभीचे शिक्षण नागपुरात झाले. भास्कराचार्यांची ‘लीलावती’ आणि ‘बीजगणित’ ते येथेच शिकले. पुढे विल्किन्सन या इंग्रज अधिकाऱ्याने त्यांची गती पाहून १८३८ साली त्यांना सिहोर येथे नेले, आणि १८४२ मध्ये काशीच्या संस्कृत पाठशाळेत त्यांची अध्यापक म्हणून नेमणूक झाली. एका शासकीय अधिकाऱ्याच्या नजरेस एक मुलगा पडला, एवढ्यावर हे घडले, हे या मासिकाच्या वाचकांनी विशेष लक्षात घ्यावे.

गणिताच्या अध्ययनास सार्वजनिक आश्रय देण्याची परंपरा तर आणखी मागे जाते. जळगाव जिल्ह्यात चाळीसगावजवळ पाटणे येथे तेराव्या शतकाच्या आरंभीचा शिलालेख आहे. भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापन केला आणि निकुंभ घराण्यातील सोइदेव या स्थानिक अधिपतीने त्यास दान दिले, अशी नोंद त्यात आहे. आजच्या परिभाषेत यास सहायक अनुदानच म्हणावे लागेल.

आधुनिक काळात १९०६ साली व्हिक्टोरिया विज्ञान महाविद्यालय या नावाने नागपुरात निघालेली संस्था आज शासकीय विज्ञान संस्था म्हणून ओळखली जाते. नंदनवनातील विद्यार्थ्यास ती सिव्हिल लाईन्स भागात, म्हणजे शहराच्या पलीकडल्या अंगास पडते. जवळच सक्करदरा चौकात कमला नेहरू महाविद्यालय आहे. पदव्युत्तर गणिताचा विभाग विद्यापीठाच्या अमरावती मार्गावरील परिसरात आहे. या विषयास प्रयोगशाळेचा खर्च नाही, महागडी उपकरणे नाहीत. कागद, ग्रंथालय आणि ज्याच्याशी वाद घालता येईल असा एखादा सहाध्यायी एवढे पुरते. तिसरी गोष्ट मिळवणे सर्वांत कठीण. खोलीतील इतर सर्वजण प्रवेश परीक्षांचे बहुपर्यायी प्रश्न सोडवीत असताना एकट्याने एक प्रमेय चार दिवस घोळवीत बसणे, हे अठरा वर्षांच्या मुलास एकाकी करणारे काम आहे. अशा वेळी महाविद्यालयातील गणित मंडळ केवळ कागदावर न राहता चालते आहे काय, याची चौकशी पालकांनी वसतिगृहाच्या चौकशीइतक्याच आस्थेने करावी.

हे एकाकीपण संपवण्याचे काही मार्ग उपलब्ध आहेत. प्रा. एस. कुमारेसन यांनी १९९३ साली सुरू केलेले गणित प्रशिक्षण व प्रतिभाशोध शिबिर उन्हाळ्याच्या सुटीत भरते. निवड झालेल्यांची निवास-भोजनाची सोय तेथे होते, आणि आपल्यासारखीच वेडी मुले देशात अन्यत्रही आहेत हे विद्यार्थ्यास प्रथमच कळते. पुण्याच्या सर परशुरामभाऊ महाविद्यालयाने सुरू केलेली माधव गणित स्पर्धा पदवीच्या विद्यार्थ्यांसाठीच आहे. प्रा. श्रीराम अभ्यंकर यांनी १९७६ मध्ये पुण्यात स्थापन केलेले भास्कराचार्य प्रतिष्ठान हेही अशा अध्ययनाचे केंद्र आहे. पदव्युत्तर शिक्षणासाठी भारतीय तंत्रज्ञान संस्थांत प्रवेश हवा असल्यास संयुक्त प्रवेश परीक्षेचा मार्ग आहे, आणि त्या परीक्षेचा पाया म्हणजे पदवीचाच अभ्यासक्रम होय.

पदवीनंतर

‘शेवटी मास्तरकीच’ या शेऱ्याचे काय? शिक्षकी हा या पदवीचा एक मोठा उपयोग आहे आणि त्यात कमीपणा मानण्याचे कारण नाही. ‘का’ या प्रश्नाला उत्तर देऊ शकणारा गणित-शिक्षक गावच्या माध्यमिक शाळेला मिळणे ही त्या गावाच्या दृष्टीने लहान गोष्ट नव्हे. सूत्र पाठ करून घेणारा शिक्षक परीक्षेपुरता पुरतो. पुढे जेथे सूत्र दिलेले नसते तेथे त्याचे विद्यार्थी उघडे पडतात.

द. रा. कापरेकर यांचे उदाहरण या संदर्भात आठवते. डहाणू येथे १९०५ मध्ये जन्मलेले कापरेकर पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयाचे पदवीधर. केंब्रिजला १८९९ साली सीनियर रँग्लर होण्याचा मान मिळवणारे पहिले भारतीय रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे यांच्या नावाचे गणिताचे पारितोषिक कापरेकरांना विद्यार्थिदशेत १९२७ मध्ये मिळाले होते. पदव्युत्तर शिक्षण त्यांनी घेतले नाही. १९३० ते १९६२ पर्यंत ते नाशिकजवळ देवळाली येथे शाळामास्तर होते. चार अंकी कोणतीही संख्या घ्यावी, मात्र चारही अंक सारखे नसावेत. अंक उतरत्या व चढत्या क्रमाने मांडून वजाबाकी करावी व हीच क्रिया पुन्हा करीत जावी. ३५२४ वरून ५४३२ उणे २३४५ म्हणजे ३०८७, मग ८७३० उणे ०३७८ म्हणजे ८३५२, मग ८५३२ उणे २३५८ म्हणजे ६१७४. कोणत्याही संख्येपासून आरंभ केला तरी जास्तीत जास्त सात पायऱ्यांत ६१७४ येते आणि पुढे तेच येत राहते. हा शोध कापरेकरांचा. १९७५ साली मार्टिन गार्डनर यांनी एका अमेरिकी मासिकात त्यांच्याविषयी लिहिले, तेव्हा कुठे त्यांचे नाव जगभर झाले. तोवर देशातील विद्वानांनी त्यांची फारशी दखल घेतली नव्हती. शाळामास्तराची दखल विद्वानांनी उशिरा घ्यावी हे नवे नाही.

अन्य मार्गांचा उल्लेख धावताच करता येईल. संघ लोकसेवा आयोगाच्या नागरी सेवा मुख्य परीक्षेत गणित हा वैकल्पिक विषय असून त्याच्या दोन प्रश्नपत्रिका मिळून ५०० गुण असतात. विमाक्षेत्रात विमागणितीला मागणी आहे. भारतीय सांख्यिकी सेवेच्या परीक्षेसाठी मात्र पदवीत संख्याशास्त्र हा एक विषय असावा लागतो, अथवा संख्याशास्त्राची पदव्युत्तर पदवी लागते. या सेवेकडे डोळा असणाऱ्याने दुय्यम विषय निवडतानाच हे ध्यानात ठेवावे. संगणकाच्या क्षेत्रात गणिताच्या पदवीधरास उशिरा का होईना, पण भक्कम पाय रोवता येतो. मूळ संख्यांचा अभ्यास एके काळी निव्वळ बौद्धिक विलास समजला जाई. १९७७ साली मोठ्या मूळ संख्यांच्या आधारे गुप्तलेखनाची एक पद्धत मांडण्यात आली आणि संगणकांमधील गोपनीय व्यवहार सुरक्षित ठेवण्याच्या कामी ती सर्वत्र पसरली. तथापि पदवी हाती पडताच नोकरी समोर उभी राहील असे आश्वासन कोणी देऊ नये. पुढे बी.एड., पदव्युत्तर पदवी किंवा एखादी स्पर्धा परीक्षा यांपैकी काहीतरी करावेच लागते, आणि कुटुंबाची तेवढी दोन वर्षे थांबण्याची तयारी आहे काय हे आधीच पाहावे.

कोणाला सुचवावे

बारावीचे गुण ही या निवडीची पुरेशी कसोटी नव्हे. पंचाण्णव गुणांच्या विद्यार्थ्याला सिद्धतेचा कंटाळा येतो आणि सत्तर गुणांचा एखादा तीतच रमतो, असे अनुभवी प्राध्यापकांकडून ऐकावयास मिळते. कला शाखेत गणित घेऊन बारावी झालेल्यांनीही आपल्यासाठी दार बंद आहे असे समजू नये, बी.ए.लाही गणित घेता येते, ते कोठे मिळेल एवढीच चौकशी करावी. पहिल्या सत्रात गुण खाली आले म्हणून लगेच विषय बदलण्याचा सल्लाही देऊ नये. नवे काम अंगवळणी पडण्यास वर्ष जाते. दुसऱ्या वर्षीही सिद्धता लिहिण्याचा तिटकाराच वाटत असेल, तर मात्र गोष्ट वेगळी.

जिल्हा परिषदेच्या शाळेच्या अंगणातही करून पाहता येईल अशी एक चाचणी आहे. विद्यार्थ्याकडून विषम संख्यांची बेरीज करवून घ्यावी. १ आणि ३ मिळून ४; त्यांत ५ मिळवता ९; ७ मिळवता १६. प्रत्येक वेळी वर्गसंख्याच येते. असे नेहमीच का होते, हे विचारून त्याला मोकळे सोडावे. काही मुले शंभरापर्यंत बेरजा करून ‘होते खरे’ म्हणून परत येतील. एखादी मुलगी गोट्या मांडू लागेल : आधी एक गोटी, मग तिच्या दोन बाजूंनी काटकोनात तीन, मग पाच, मग सात, आणि प्रत्येक थराबरोबर चौरस एकेका ओळीने वाढत जाईल. सातव्या थराला तेरा गोट्या लागतात. शंभराव्या थराला किती लागतील आणि चौरस पुराच का होईल, हे तिने तो थर न मांडताच कारणासह सांगितले, तर प्रवेश अर्जावरील मुख्य विषयाच्या रकान्यात गणित लिहिण्यास हरकत नसावी.